झीज, झिलई आणि जीर्णोद्धार : तंजावर राजवाड्याच्या पृष्ठभागांचा विचार

१.
वास्तूच्या इतिहासात भिंती, खांब आणि कमानी यांना जे स्थान मिळते, ते पायाखालच्या जमिनीला क्वचितच मिळते. शिल्पाचे वर्णन होते, चित्राची मीमांसा होते, शिलालेखाचे वाचन होते. फरशी मात्र केवळ बदलली जाते. वास्तविक कोणत्याही घराच्या वापराची सर्वांत दीर्घ आणि सर्वांत अनभिप्रेत नोंद त्याच्या जमिनीवरच उमटलेली असते. उंबरठ्याजवळचा खोलगट भाग आणि देवघरासमोरचा तेलकट काळसरपणा यांना कोणी लेखक नसतो, पण त्यांतून वाचता येण्याजोगा अर्थ असतो. जुन्या फरशीची दुरुस्ती हा म्हणून निव्वळ गवंडीकामाचा प्रश्न राहत नाही. झिजलेल्या पृष्ठभागाचे काय करावे, आणि ते करताना कोणत्या काळाला प्रमाण मानावे, असा तो प्रश्न होतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. तंजावरच्या राजवाड्याचा परिसर या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करण्यास विशेष सोयीचा आहे. कारण तेथे नायक, मराठे आणि इंग्रज या तीन राजवटींचे थर जसे वास्तूत आहेत, तसेच ते ग्रंथसंग्रहातही आहेत.

२.
राजवाड्याचा प्रारंभ सोळाव्या शतकात नायक राजांच्या काळात झाला. व्यंकोजी भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात आपली सत्ता स्थिर केली. त्यानंतरच्या मराठे राजांनी नवा राजवाडा उभारण्याऐवजी असलेल्या वास्तूतच भर घातली, दालने बदलली, नवे मजले चढवले. आज ज्याला सामान्यतः मराठ्यांचा राजवाडा म्हटले जाते, त्यात नायककालीन दरबार, मराठ्यांचा दरबार, सरजा माडी, सदर महाल आणि सरस्वती महाल ग्रंथालय अशी भिन्न काळांची अंगे परस्परांना जोडलेली आहेत. या वास्तूला एकच मूळ रूप नाही, ही जीर्णोद्धाराच्या दृष्टीने पहिली महत्त्वाची गोष्ट होय.

दुसरी गोष्ट मालकीची. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांकडे (कारकीर्द १७९८–१८३२) किल्ला आणि त्याच्या आसपासचा परिसर एवढाच अधिकार उरला. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्रसंततीविना वारल्यावर कंपनी सरकारने संस्थान खालसा केले आणि त्याबरोबर राजघराण्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी या जप्तीविरुद्ध दिलेला दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा निर्णय १८५९ मध्ये झाला. पुढे १८६२ मध्ये सरकारने ही खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली. ग्रंथालय १९१८ मध्ये सार्वजनिक झाले, १९५१ मध्ये कलादालन स्थापन झाले, काही भाग राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आला आणि काही भाग राजवंशीयांच्या निवासात राहिला. एकाच छपराखाली स्मारक, संग्रहालय, ग्रंथालय आणि घर नांदत असल्यामुळे येथे प्रत्येक दुरुस्तीचा हेतू वेगळा असतो. स्मारकाला आपला काळ राखायचा असतो, घराला गळती थांबवायची असते. हा विरोध कोणाच्या दुर्लक्षातून आलेला नाही. तो वास्तूच्या इतिहासातूनच आलेला आहे.

३.
कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाची भूमी गाळाची आहे. बृहदीश्वर मंदिरासाठी अकराव्या शतकाच्या आरंभी जो ग्रॅनाइट आणला गेला तो बाहेरूनच आणावा लागला. राजवाड्याच्या बांधकामाचा मुख्य आधार वीट आणि चुना हाच राहिला. या प्रदेशातील चुन्याचे काम ही एक प्रगत कला होती. शंखशिंपल्यांचा चुना भाजून विरवायचा, दीर्घकाळ मुरवायचा, वाळूसह घाणीत दळायचा, त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा मिसळायचा, आणि वरच्या थरासाठी तो लोण्यासारखा मऊ होईपर्यंत वाटून गुळगुळीत गोट्याने घोटायचा, अशी ती रीत होती. शेवटच्या थरात अंड्याचा पांढरा बलक घालण्याचीही प्रथा होती. अठराव्या शतकात मद्रासला आलेल्या युरोपीय प्रवाशांना हा गिलावा संगमरवरासारखा भासे आणि ‘मद्रास चुनम’ या नावाने तो त्यांच्या लेखनात वारंवार येतो.

या तुलनेत एक सूक्ष्म विपर्यास आहे. प्रवाशाच्या दृष्टीने चुना ही संगमरवराची नक्कल होती. स्थानिक कारागिराच्या दृष्टीने ती स्वतंत्र परंपरा होती. तिला संगमरवराची उपमा देण्याची गरज नव्हती. परक्या साहित्यप्रकाराचे वर्णन आपल्या ओळखीच्या प्रकाराच्या नावाने करण्याची जी सवय तुलनाकारांना असते, तिचेच हे पदार्थरूप उदाहरण म्हणता येईल. दुरुस्तीच्या संदर्भात तर हा भेद निर्णायक ठरतो. चुन्याचा कोबा किंवा गिलावा झिजला की त्यावर नवा थर चढतो. त्याचे नवीकरण भर घालून होते. संगमरवराचे नवीकरण बहुधा वजाबाकीने होते.

४.
संगमरवर तंजावरात ठळकपणे आला तो शिल्पाच्या रूपाने. नायककालीन दरबारात सरफोजी राजांचा हात जोडलेला, उभा, शुभ्र पुतळा आहे. तो इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन (१७५५–१८२६) याने घडवला. पुतळा संगमरवराचा आणि त्याखालचा चौथरा काळ्या ग्रॅनाइटचा. ज्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले, त्या ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ याचे १७९८ मध्ये निधन झाले. त्याच्या स्मरणार्थ राजांनी फ्लॅक्समनकडूनच एक संगमरवरी उठावशिल्प करवून घेतले. शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमधील या शिल्पात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्याच्या भेटीस आलेले राजे दाखवले आहेत. श्वार्ट्झच्या समाधिशिळेवर सरफोजींच्या नावाने इंग्रजी पद्यही कोरलेले आहे. मराठी राजाने इंग्रजी शोकपद्य रचावे, ते तमिळ भूमीवरच्या शिळेवर कोरले जावे आणि संगमरवराचे शिल्प इंग्लंडमध्ये घडावे, या घटनेत तंजावरच्या बहुभाषिक दरबाराचे स्वरूप एकवटले आहे.

घरांच्या जमिनींत संगमरवर रुळला तो नंतर, आणि विशेषतः दक्षिणेकडील चेट्टिनाडच्या वाड्यांत. त्या व्यापारी कुटुंबांनी इटलीचा संगमरवर, ब्रह्मदेशाचे सागवान आणि स्थानिक आत्तंगुडीच्या फरशा एकाच घरात वापरल्या. या जुन्या घरांच्या दुरुस्तीत आज जो अनुभव येतो, तो राजवाड्याच्या विचारालाही उपयुक्त आहे.

संगमरवर म्हणजे मूलतः कॅल्शियम कार्बोनेट. खनिजांच्या कठीणपणाच्या मोस मापनात त्याचा क्रम ३ च्या आसपास येतो, तर पायांबरोबर येणाऱ्या वाळूतील गारेचा क्रम ७ आहे. परिणामी रोजच्या वावरातील बारीक वाळूच फरशीवर कानशीसारखी फिरत राहते. लिंबू, चिंच, ताक यांतील आम्लाने दगडाची झिलई विरघळते आणि तेथे मंद डाग दिसतो. हा डाग दगडावर बसलेला नसून दगडातच पडलेला असतो, त्यामुळे तो पुसून जात नाही. तेल मात्र दगडात मुरलेले असते. ते मातीच्या लेपाने शोषून वर काढता येते. ताजमहालाच्या पिवळट पडलेल्या दगडावर पुरातत्त्व खात्याने मुलतानी मातीचे लेप दिले, त्यामागचे तत्त्व याच जातीचे आहे. तिसरा प्रकार ओलीचा. जुन्या फरशा चुन्याच्या बिछान्यावर बसवलेल्या असत आणि जमिनीतील ओल चुन्याच्या दरजांतून हळूहळू बाहेर पडे. दुरुस्तीत या दरजा सिमेंटने भरल्या की ओलीला वाट उरत नाही. ती क्षारांसह दगडातूनच वर येते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती अशा रीतीने नव्या झिजेचे कारण होते.

आज सर्वत्र रूढ असलेला उपाय म्हणजे यंत्राने घासणे. भेगा राळ आणि दगडाच्या भुकटीने भरतात, जाड कणांच्या घासणीपासून बारीक कणांच्या घासणीपर्यंत क्रमाने जातात आणि अखेर झिलई देतात. फरशी नव्यासारखी दिसते. परंतु उंचसखलपणा नाहीसा करायचा म्हणजे सर्व पृष्ठभाग सर्वांत खोल खळग्याच्या पातळीपर्यंत उतरवायचा. म्हणजेच झीज दूर होत नाही. उरलेल्या दगडालाही तितकेच झिजवले जाते. शिवाय पाऊलवाट कोणती, बैठकीची जागा कोणती, कोणत्या दारातून वर्दळ अधिक होती, ही नोंद त्याबरोबर पुसली जाते.

५.
जीर्ण वास्तूचे काय करावे याचा विचार भारतीय शिल्पग्रंथांना नवा नाही. दक्षिणेत प्रमाण मानल्या गेलेल्या ‘मयमता’त अनुकर्मविधान नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या वास्तूची लक्षणे अद्याप ओळखता येतात, तिची दुरुस्ती तिच्याच द्रव्यांनी करावी, असा त्याचा आशय आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाची कृती आहे. या परंपरेत वास्तू पुन्हा अव्यंग आणि पूजायोग्य करणे हे साध्य आहे; तिचे वय राखणे हे नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपात मात्र नेमका वयाचाच प्रश्न पुढे आला. रस्किनने १८४९ मध्ये पुनर्बांधणीला वास्तूचा विनाश मानले. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापलेली संस्था तर ‘खरवडण्याविरुद्ध’ या टोपणनावानेच ओळखली गेली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तीन सूत्रे मांडली: तर्क सुरू होतो तेथे पुनर्स्थापना थांबावी, सर्व काळांच्या भरीचा आदर व्हावा, आणि नवा तुकडा एकूण रूपाशी जुळावा, पण जुन्यापासून वेगळा ओळखू यावा.

या सूत्रांमधील ताण तंजावरात प्रत्यक्ष दिसतो. बृहदीश्वर मंदिराच्या प्रदक्षिणामार्गात नायककालीन चित्रांखाली चोळकालीन चित्रे असल्याचे १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांच्या निदर्शनास आले. खालचे चित्र पाहायचे तर वरचे काढावे लागणार, आणि वरचेही तितकेच ऐतिहासिक. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी पुढे वरचा थर अखंड सोडवून कृत्रिम तंतूंच्या फलकांवर बसवण्याची पद्धती वापरली. त्यामुळे दोन्ही थर टिकले. तरीही नायक चित्रकाराने ज्या भिंतीसाठी चित्र काढले होते ती भिंत त्याला कायमची अंतरली, हे मूल्य त्यासाठी द्यावे लागले. फरशीच्या बाबतीत तर एवढाही पर्याय नसतो. घासून गेलेला थर कोणत्याही फलकावर बसवता येत नाही.

६.
ग्रंथांच्या जीर्णोद्धारात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. शहाजी राजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकत्र येतात. सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तमिळ कुरवंजीचा साचा घेऊन मराठीतून भूगोल सांगितला आहे. महाराष्ट्रापासून दूर, द्राविडी भाषांच्या सहवासात घडलेल्या या मराठीचे शब्दरूप आणि वाक्यरचना पुण्याच्या मुद्रित मराठीपेक्षा वेगळी असणे स्वाभाविक आहे. अशी हस्तलिखिते छापताना संपादकापुढे दोन मार्ग असतात. तमिळ-तेलुगूच्या सहवासाच्या खुणा लेखनिकाचा प्रमाद मानून त्या घासून काढायच्या आणि पाठ प्रमाण मराठीच्या पातळीवर आणायचा, हा एक. त्या खुणा म्हणजेच त्या ग्रंथाचा इतिहास मानून राखायच्या, हा दुसरा. पहिल्या मार्गाने वाचनीय पुस्तक मिळते. पण ज्या कारणासाठी तुलनाकार तंजावरकडे वळतो, ते कारणच त्यात नष्ट होते.

अर्थात प्रत्येक खूण जपण्यासारखी असते असेही नव्हे. वाळवीने खाल्लेले अक्षर आणि तमिळ उच्चारामुळे बदललेले अक्षर यांत भेद आहे. पहिली हानी आहे, दुसरी झीजही नाही, ती घडण आहे. हा भेद करण्यास लागणारी शिस्त भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने (१९१९–१९६६) घालून दिली. या कार्यासाठी पाठमेळणीचे एक केंद्र तंजावरच्या सरस्वती महालातच होते. विष्णु सीताराम सुकथनकरांनी सिद्ध केलेल्या पाठात जेथे निश्चिती कमी, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ दिली. आणि मुख्य पाठातून वगळलेला मजकूर टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत ठेवला. नव्या तुकड्याचे वेगळेपण दिसू द्यावे, हे तत्त्व व्हेनिस सनदेच्या कित्येक दशके आधी येथे कागदावर आचरणात आले होते.

मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. राज्याधिकार गेल्यानंतर अवघ्या चार वर्षांत राजाने आपल्या घराण्याचा वृत्तांत चोळांच्या ग्रॅनाइटवर नोंदवला. कागद जीर्ण होतो, चुना झिजतो, संगमरवर डागाळतो, याची जाण त्यामागे असावी असे मानण्यास जागा आहे. परंतु ज्या भिंतीवर तो लेख आहे ती भिंत अगोदरच दुसऱ्याच्या इतिहासाने भरलेली होती. तंजावरात स्वच्छ, रिकामा पृष्ठभाग कोणत्याही राजवटीच्या वाट्याला आलाच नाही.

७.
या विवेचनातून दुरुस्तीच्या व्यवहाराला काही मर्यादा घालून घेता येतात. चुन्याच्या जमिनीला चुनाच द्यावा, सिमेंट नव्हे. संगमरवराची सफाई लेपाने होत असेल तर घासणीचा विचार करू नये. फुटका तुकडा बदलणे अपरिहार्य असेल तर तो तसा दिसू द्यावा. आणि काम सुरू होण्यापूर्वी झिजेचा नकाशा करून ठेवावा. राहत्या घराला यातील प्रत्येक नियम परवडेलच असे नाही. घसरून पडण्याजोगी फरशी इतिहास म्हणून जपा असे त्यात राहणाऱ्याला सांगता येत नाही. स्मारकात मात्र ही सबब पुरेशी नाही. राजवाड्यातील मोडी कागदपत्रांत दैनंदिन खर्चाचे जे हिशेब उरले आहेत, त्यांतील खाडाखोड कोणताही इतिहासकार नजरेआड करत नाही. उलट ती खाडाखोडच त्याला अनेकदा अधिक काही सांगते. त्याच दरबाराच्या जमिनीवरील खाडाखोडीला तेवढाच मान मिळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.