दोन पिढ्यांची रॅट रॉड : एका अभ्यासक्षेत्रात प्रवेश करताना

अमेरिकेतल्या घरगुती मोटारबांधणीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात वेग आहे, व्यापार आहे, तरुणांचे बंड आहे. साठीतला बाप आणि तिशीतली लेक एकाच चासीवर वाकून काम करतात तेव्हा कोण कोणाला काय शिकवते, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फार थोडे गेले. हे पुस्तक त्या प्रश्नासाठी आहे, आणि ही प्रस्तावना या क्षेत्रात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी.

रॅट रॉड ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन. १९२० ते १९५० या काळातल्या अमेरिकन गाडीची बॉडी घ्यायची. ती बहुधा फोर्डच्या मॉडेल एची असते, नाहीतर शेताच्या कडेला सडत पडलेल्या एखाद्या ट्रकची केबिन. तिच्याखाली कापून-जोडून केलेली किंवा नव्याने बांधलेली चासी येते आणि पुढे सरळ, अखंड एक्सल. इंजिन भंगारात मिळेल ते. बरेचदा शेव्हरोलेचे व्ही-८, कधी ट्रकचे डिझेल. रंग नाही, क्रोम नाही. गंज राखलेला आणि वेल्डिंगचे सांधे उघडे. अशा गाडीसाठी कोणत्याही कंपनीचे मॅन्युअल नसते, तयार नकाशाही नसतो. आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने हीच तिची सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण प्रत्येक निर्णय दोघांना बोलून, मोजून, भांडून घ्यावा लागतो आणि त्याची खूण लोखंडावर राहते.

या गाड्यांचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियात सापडते. म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर तिथली मुले जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून पळवत; अशा गाड्या म्हणजे हॉट रॉड. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. फोर्डने १९३२ मध्ये आणलेले ६५ अश्वशक्तीचे फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन सामान्य माणसाला परवडणारे होते आणि त्यात सुधारणेला भरपूर वाव होता. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले; पुढच्याच वर्षी युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला स्पीड वीक भरला. या इतिहासात बायका नव्हत्या असे कोणी सांगितले तर ऐकू नये. वेडा ऑर त्या तळ्यांवर स्वतः गाडी पळवत होत्या, आणि महायुद्धाच्या काळात त्यांनी वार्तापत्र चालवून ते आघाडीवरच्या गाडीवेड्या सैनिकांना पोचवले.

रॅट रॉड बांधणारे स्वतःला या मंडळींचे थेट वारस मानतात. हा दावा मला अर्धाच मान्य आहे. १९४० च्या दशकातल्या मुलांच्या गाड्या खरोखरच भंगारातून उभ्या राहिल्या, पण पैसे हाती आले की ती मुले गाडीला रंग देत, गादीकाम करून घेत. गंजाला शोभा मानणे फार नंतर आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्ट्रीट रॉड, म्हणजे रस्त्यावर चालवायला बांधलेल्या हॉट रॉड, इतक्या महाग आणि गुळगुळीत झाल्या की त्या धनादेश लिहून बांधून घेण्याची वस्तू बनल्या. १९९७ मध्ये तर पेबल बीचच्या श्रीमंती मोटार प्रदर्शनात हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग सुरू झाला. रॅट रॉडचा जोर वाढला तो याच दशकात, आणि त्या झगमगाटाला उत्तर म्हणून. दोन पिढ्यांच्या गॅरेजमध्ये हा इतिहास जिवंत असतो. बापाला वाटते दरवाज्यावर निदान प्रायमर मारावा. मुलाला तो गंज हवा असतो. दोघेही आपापल्या काळाशी प्रामाणिक असतात.

पूर्वसूरींचे ऋण मोठे आहे. जीन बॉल्स्ली यांनी १९५० मध्येच ‘अमेरिकन क्वार्टर्ली’त हॉट रॉड संस्कृतीवर लिहून या मुलांकडे गुंड म्हणून पाहणे चूक आहे हे दाखवले. एच. एफ. मूरहाउस यांचे ‘ड्रायव्हिंग अँबिशन्स’ १९९१ चे. डेव्हिड लुस्को यांनी २००८ मध्ये सुट्या भागांच्या धंद्याचा आणि २०१६ मध्ये भंगारवाड्यांचा इतिहास लिहिला. पण आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे पुस्तक मोटारबांधणीवरचे नाहीच. डग्लस हार्पर यांचे ‘वर्किंग नॉलेज’ (१९८७) हे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या विली नावाच्या मेकॅनिकवर आहे. विली साब गाड्या दुरुस्त करतो, भंगारातून भाग घडवतो. वडिलांच्या लोहारकामातून आलेली समज त्याच्या हातात कशी उतरली आहे, हे हार्पर छायाचित्रे समोर ठेवून त्याच्याच तोंडून वदवून घेतात. नव्या अभ्यासकाने सुरुवात इथून करावी.

त्या गॅरेजमध्ये नेमके पाहायचे काय, ते एका कामावरून सांगतो. गाडी जमिनीलगत बसावी म्हणून चासीला झेड दिला जातो. म्हणजे मागच्या एक्सलच्या अलीकडे दोन्ही बाजूंचे रेल कापायचे, मागचा भाग वर उचलायचा आणि मध्ये उभा तुकडा जोडायचा. पाट्यांना हात न लावता बॉडी तेवढी खाली येते. कापण्यापूर्वी चासी समतल टेकूंवर ठेवून आडवे-तिरपे अँगल टाके मारून पक्के करावे लागतात, नाहीतर कापताक्षणी लोखंडातला ताण मोकळा होतो आणि रेल पिळतात. मग ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करायच्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली कर्णांची मापे घ्यायची. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच चासी गुण्यात आहे. आधी फक्त टाके; पुन्हा माप; मग थोडे वेल्डिंग एका बाजूला, थोडे दुसऱ्या बाजूला, कारण सांधा थंड होताना आकसतो आणि रेलला आपल्याकडे ओढतो. किती ओढेल याचा अंदाज लिहून देता येत नाही. तो ज्याचा हात बसला आहे त्याला असतो, आणि शेजारी उभे राहून, पुन्हापुन्हा पाहूनच दुसऱ्याकडे जातो. मायकेल पोलान्यी यांनी अव्यक्त ज्ञानाविषयी जे मांडले, ते इथे टेप आणि खडू घेऊन तपासता येते.

छत खाली आणण्याचे काम याहून बोलके. मॉडेल एचे खांब जवळपास उभे असल्याने चारही खांबांतून सारखी पट्टी कापली की छत बरेचसे जागेवर बसते. चाळिशीच्या दशकातल्या गोलाकार गाड्यांचे खांब कललेले. तिथे छत खाली आले की मापे चुकतात आणि पत्रा फाडून वाढवावा लागतो. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने लाटा येतात. इथे लेकीचा धीर बापाच्या सवयीपेक्षा वरचढ ठरलेला पुष्कळदा दिसतो.

सज्ञान अपत्य हा या अभ्यासाचा कणा आहे. बापाची वहाण मुलाच्या पायात बसू लागली की त्याला मित्र मानावे, असे आपल्याकडे म्हणतात. ते करणे किती अवघड, हे ग्राइंडर कोणाच्या हातात आहे यावरून कळते. लहान मुलाला गॅरेजमध्ये थांबावेच लागते. तिशीतले मूल स्वतःचे घर, नोकरी सांभाळून शनिवारी मुद्दाम येते, आणि नाही आले तरी चालण्यासारखे असते. ज्ञानही मग दोन्ही दिशांनी वाहते: कार्ब्युरेटर बापाचा, वायरिंग आणि संगणकावर कापून घेतलेले ब्रॅकेट लेकीचे. धंद्याच्या वारशापेक्षा हे वेगळे आहे. १९६२ मध्ये व्हिक एडेलब्रॉक वारले आणि मॅनिफोल्डचा त्यांचा कारखाना सव्वीस वर्षांच्या मुलाने, धाकट्या व्हिकने, सांभाळला आणि वाढवला. तिथे मागे कंपनी उरली होती, पगार द्यायचे होते. रॅट रॉडमधून कोणाचे पोट भरत नाही; म्हणून तिथे एकमेकांसाठी दिलेला वेळ स्वच्छ दिसतो.

अभ्यासकाने सहानुभूतीच्या भरात डोळे मिटू नयेत. हजारो मैल सुखरूप धावणाऱ्या रॅट रॉड आहेत, तशा रस्त्यावर आणू नयेत अशाही आहेत. सरळ एक्सलचा किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्याभोवती वळते तो खिळा, पाच ते सात अंश मागे कलता नसेल तर गाडी सरळ धावत नाही. गंज बॉडीवर शोभतो. स्टीअरिंग, ब्रेक आणि चासीचे सांधे यांत तडजोड करणाऱ्याला मी चांगला कारागीर म्हणणार नाही, मग त्याची गाडी कितीही देखणी असो.

कायदाही वाचायला हवा. अमेरिकेत घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी प्रत्येक राज्याच्या नियमांनी होते. कॅलिफोर्नियात उत्सर्जनाची खास सवलत वर्षाला फक्त ५०० गाड्यांना मिळते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई करते. त्यामुळे मराठी वाचकाला ही गाडी आपल्या रस्त्यांवर सहसा दिसणार नाही. पण पद्धत उचलता येईल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आणि भट्टीपाशी दोन पिढ्या शेजारी उभ्या आहेत, आणि त्यांच्यातल्या देवाणघेवाणीची नोंद हार्पर यांच्या तोडीने कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. वाचकहो, पुढची प्रकरणे वाचताना वही जवळ ठेवा, आणि वाचून झाल्यावर ओळखीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये परवानगी घेऊन उभे राहा. बोलण्याआधी माप कोण घेते ते पाहा, आणि लिहून ठेवा.