संवाहकाची कला आणि परवान्याचे राज्य

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकात जुगाराच्या कर्जातून पळालेला संवाहक वसंतसेनेच्या घरी आश्रय घेतो. तो पाटलिपुत्राच्या गृहस्थाचा मुलगा. उज्जयिनीस येऊन चारुदत्ताकडे अंगमर्दनाची चाकरी केलेला. वसंतसेना त्याच्या कलेचे सौकुमार्य वाखाणते. त्यावर, आपण ती कला म्हणून शिकलो, आता ती उपजीविका झाली आहे, अशा आशयाचे उत्तर तो प्राकृतात देतो. या उत्तरात व्यवसायाच्या इतिहासाचा आरंभबिंदू सापडतो. कला आणि उपजीविका या दोन संज्ञांत आधुनिक राज्याने पुढे तिसरीची भर घातली. ती म्हणजे परवाना.

पाटलिपुत्राचाच, म्हणजे पाटण्याचा, दुसरा संवाहक इतिहासात आढळतो. १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन महंमद याने १८१४ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान व मर्दनाचे गृह थाटले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांची सेवा त्याला लाभली. 'चांपणे' या क्रियेचा वाचक असलेला हिंदी शब्द 'शाम्पू' होऊन इंग्रजीत रुळला, आणि पुढे त्याचा अर्थ केस धुण्यापुरता उरला. शब्दाने प्रवास केला. मात्र त्यातील हात गळून पडला.

इंग्लंडमध्ये १८९४ साली मर्दनगृहांच्या आडून वेश्याव्यवसाय चालतो, असा गदारोळ वैद्यकीय नियतकालिकातून उठला. त्याच वर्षी काही परिचारिका व सुईणींनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापिली. वैद्याच्या सूचनेखेरीज उपचार नाहीत, सर्वसाधारण जाहिरात नाही, असे कडक निर्बंध त्यांनी स्वतःवर घालून घेतले. संस्थेस १९२० मध्ये राजसनद मिळाली. १९४४ मध्ये तिच्या नावातून 'मसाज' हा शब्दच वगळला गेला आणि 'फिजिओथेरपी' आला. प्रतिष्ठा मिळाली, पण ज्या कर्मासाठी ती मागितली होती त्याचे नाव टाकून.

भारतात कायद्याने प्रथम नोंद केली ती विद्येची, हाताची नव्हे. मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्याने देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी सुरू झाली. कर्नाटकाच्या १९६१ च्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्याबरोबर निसर्गोपचार व योगही आले. महाराष्ट्राने भौतिकोपचारासाठी २००२ चा परिषद कायदा केला. केंद्राच्या २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यातही भौतिकोपचारतज्ज्ञाला स्थान आहे. परंतु ज्याची विद्या केवळ मर्दन आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र राज्य नोंदणी मंडळ ना महाराष्ट्रात आहे, ना कर्नाटकात. अमेरिकेतील ओहायो राज्याने अशा व्यक्तीला परवाना देण्यास १९१५ मध्येच आरंभ केला होता, हे येथे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे.

बेंगळुरूच्या पूर्वेकडील कृष्णराजपुरम अर्थात के. आर. पुरम या दृष्टीने बोलके ठिकाण आहे. २००७ पर्यंत ती स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी ती बृहत् महानगरपालिकेत विलीन झाली, आणि २०२५ च्या पुनर्रचनेत हा भाग बेंगळुरू पूर्व महानगरपालिकेकडे गेला. दुकानाला व्यापार परवाना देणारे कार्यालय असे बदलत राहिले. बदलला नाही तो एक नियम: परवाना जागेला मिळतो, हाताला नाही. कौशल्य परिषदेचे स्पा थेरपिस्टचे प्रमाणपत्र नोकरी मिळविण्यास उपयोगी पडते; पण ते प्रशिक्षणाची साक्ष आहे, व्यवसायाचा अधिकार नव्हे. छापा पडतो तेव्हा १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यापुढे प्रामाणिक कारागिराजवळ स्वतःची ओळख सांगणारी सरकारी नोंदवही नसते. दूरच्या राज्यांतून या शहरात पोटासाठी आलेल्यांना ही उणीव अधिक जाचते.

याउलट घरातले मर्दन संशयापलीकडे राहिले. कन्नडमधील 'बाणंति' आणि मराठीतील 'बाळंतीण', तिकडचे 'अभ्यंजन' आणि इकडचे 'अभ्यंग' ही शब्दांची जोडी एकाच गृहसंस्कृतीची साक्ष देते. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईला कोणी परवाना विचारीत नाही. पण तिच्या कसबाला कोणी विद्याही म्हणत नाही. विश्वास आहे, दर्जा नाही. दुकानातल्या कारागिराच्या वाट्याला यांपैकी एकही येत नाही.

शूद्रकाचा संवाहक अखेरीस बौद्ध भिक्षू होतो, वसंतसेनेचे प्राण वाचवितो आणि विहारांचा प्रमुख नेमला जातो. त्याला मान मिळतो, परंतु कला सोडल्यानंतर. इंग्लंडमधील मर्दनकर्त्या स्त्रियांना तो मिळाला, शब्द सोडल्यानंतर. नाटक आणि नोंदवही यांतील हे साम्य योगायोगाचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. परक्या देहाला स्पर्श करून जगणाऱ्यास, त्या स्पर्शाचेच नाव घेऊन सन्मानाने उभे राहता यावे, अशी तरतूद परंपरेने केली नाही आणि कायद्यानेही येथे अद्याप केलेली नाही. के. आर. पुरमच्या परवान्यावर आजही दुकानाचा पत्ता असतो. हाताचे नाव नसते.