कार्ड मशीनची हिस्टरी कुठे आणि कशी साठते?

दुकानात कार्ड टॅप केलं, मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज आला, पण मशीनमधून पावती काही निघाली नाही. दुकानदार म्हणतो, "पैसे आलेच नाहीत." अशा वेळी बँकेच्या हिशोबासोबत आणखी एक नोंद कामी येते, मशीनची स्वतःची हिस्टरी. अशा मशीनवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम केलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

प्रत्येक मशीनला आठ अक्षरी टर्मिनल आयडी, म्हणजे टीआयडी असतो. पावतीवर तो छापलेला दिसतो. मशीन ठरावीक वेळाने सर्व्हरला "मी चालू आहे" असं कळवतं. हा हार्टबीट. सोबत बॅटरी, नेटवर्क, कागदाचा रोल यांचीही माहिती जाते. सर्व्हरवर एका टेबलमध्ये मशीनची फक्त आत्ताची अवस्था असते, ती सतत बदलते. हिस्टरीचं टेबल वेगळं. तिथे नवी ओळ जोडायची, जुनी खोडायची नाही. चूक झालीच तर दुरुस्तीचीही नवी ओळ.

दर 5 मिनिटांनी हार्टबीट धरला तर एका मशीनचे दिवसाला 288, आणि 10,000 मशीनचे 28 लाख 80 हजार! म्हणून नुसत्या हार्टबीटचा काही दिवसांनी सारांश करतात. रोल संपला, नेटवर्क गेलं, कुणी मशीन उघडायचा प्रयत्न केला, अशा घटना मात्र जशाच्या तशा राहतात. पीसीआय डीएसएस या कार्ड सुरक्षेच्या नियमांनुसार ऑडिट लॉग किमान 12 महिने ठेवावे लागतात, त्यातले शेवटचे 3 महिने लगेच पाहता येतील असे. पिन आणि सीव्हीव्ही व्यवहारानंतर साठवायला तर मनाईच आहे.

खरी परीक्षा नेटवर्क गेल्यावर होते. तेव्हा मशीन घटना स्वतःच्या मेमरीत रांगेत ठेवतं, प्रत्येकीला क्रमांक देऊन. सर्व्हरने "मिळालं" म्हटल्याशिवाय पुसत नाही. तो निरोप वाटेत हरवला तर तीच घटना पुन्हा येते. मग टीआयडी आणि क्रमांकाची जोडी आधीच असेल, तर सर्व्हर दुसरी प्रत टाकून देतो.

इथेच मी एकदा आपटलो. हिस्टरी मी मशीनच्या घड्याळाप्रमाणे लावली होती. एका मशीनची बॅटरी पावती छापतानाच संपली. पुन्हा चालू झाल्यावर त्याने "मागची पावती राहिली" अशी नोंद केली खरी, पण घड्याळ 1 जानेवारी 1970 वर गेलेलं! नोंद यादीच्या तळाशी. सपोर्टवाल्यांना त्या दिवसात काहीच दिसलं नाही आणि त्यांनी दुकानदाराला तसंच सांगून टाकलं. चूक माझी होती. आता मी मशीनची वेळ आणि सर्व्हरला नोंद मिळाल्याची वेळ, दोन्ही ठेवतो, आणि क्रम लावतो तो क्रमांकावरून.

तुमचं असं झालं तर? सप्टेंबर 2019 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार खात्यातून पैसे गेले पण दुकानात पावती निघाली नाही, तर व्यवहारानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई. तक्रार आपल्या बँकेकडे करायची. तारीख, वेळ आणि रक्कम द्या, बँकेच्या मेसेजमध्ये रेफरन्स नंबर असेल तर तोही. टीआयडी हवा असेल तर दुकानदाराकडे त्याच मशीनची कुठलीही जुनी पावती मागा.