गंजिफा : हातातून टेबलावर

दिवाणखान्यातल्या बुटक्या लाकडी टेबलाकडे आपण सजावटीची वस्तू म्हणूनच पाहतो. ते सावंतवाडीच्या लाखकामाचे असेल, तर मात्र ही नजर अपुरी पडते. त्यावर कधीकधी मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे अवतार रंगवलेले आढळतात. हे अवतार मुळात टेबलासाठी नव्हते. ते गंजिफाच्या गोल पानांवरचे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा अंकपाने, अशी एकूण १२० पाने असतात.

छापील पत्ते स्वस्त झाले, तसे गंजिफा खेळणारे घटले आणि चिताऱ्यांचे काम बसले. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यात तिला आसरा दिला. तेथे पानांबरोबरच पेट्या, टेबले, खुर्च्याही रंगू लागल्या.

या स्थित्यंतरात चित्र जगले, खेळ मागे पडला. टेबलावरचा वराह कुणालाही डावात उतरवायचा नसतो. तरीही केवळ हळहळणे अन्यायाचे ठरेल. अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळाले नसते, तर कुंचला धरणारे हात टिकणे कठीण होते. म्हणून असे टेबल घरी असल्यास फुलदाणी आणि मासिकांच्या चळतीने आपण ते झाकू नये. फळी मोकळी ठेवावी आणि पाहुण्याने विचारलेच, तर तो डाव सांगता यावा. एवढी सजावट पुरे.