माशाचा डोळा आणि आमिषाचे रंग

गळाला लावलेले खरे आमिष माशाला वासाने व चवीने ओढते. खोट्या आमिषाला वास नाही आणि चवही नाही. त्याचा सारा भरवसा माशाच्या दृष्टीवर. मग त्या दृष्टीस दिसते तरी काय? हा साधा प्रश्न विचारून त्याची रीतसर परीक्षा घेण्यास मानवास सुमारे सतरा शतके लागली, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

इ. स. 200 च्या सुमारास होऊन गेलेल्या ईलियन नामक रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील एका नदीवरील कोळ्यांची हकीकत लिहून ठेविली आहे. तेथील ठिपकेदार मासे पाण्यावर घिरट्या घालणारी एक माशी खात. ती माशी हाती धरली की तिचा रंग उडे व पंख कोमेजत. म्हणून ती आमिष म्हणून निरुपयोगी. तेव्हा ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळीत व मेणाच्या रंगाची कोंबड्याची दोन पिसे बांधीत. आपल्याकडे कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती व त्यांस घालावयाचे खाद्य यांचा विचार आढळतो. मॅसिडोनियाच्या कोळ्याने डोळा फसविला. सोमेश्वराने जिभेचा विचार केला.

पुढे रंगांचा हा नाद इंग्लंड-स्कॉटलंडात कळसास पोचला. एकोणिसाव्या शतकात सॅमन माशासाठी ज्या कृत्रिम माश्या बांधीत, त्यांत दूरदूरच्या देशांतील पक्ष्यांची पिसे असत. ‘जॉक स्कॉट’ या प्रसिद्ध माशीच्या दोन्ही अंगांस जे चकचकीत ठिपक्याचे पीस बसवीत, ते रानकोंबड्याच्या मानेचे. हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीचा रहिवासी! जॉर्ज केल्सन याने 1895 साली ‘द सॅमन फ्लाय’ या ग्रंथात अशा माश्यांची बांधणी बारकाव्याने दिली. परंतु अंडी घालण्यास नदीत चढणारा सॅमन बहुधा अन्नच घेत नाही. मग एवढी आरास कोणाच्या डोळ्यांसाठी होती? माशाच्या की ती विकत घेणाऱ्या साहेबाच्या?

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात म्युनिक येथे या प्रश्नावर खडाजंगी झाली. कार्ल फॉन हेस हा नामांकित नेत्रवैद्य. मासे पूर्णतः रंगांध आहेत, त्यांना केवळ उजेडाची कमी-अधिक तीव्रता कळते, असे त्याचे ठाम मत होते. कार्ल फॉन फ्रिश हा तेव्हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ. त्याने चिमुकल्या माशांना विशिष्ट रंगाशी अन्नाची सांगड घालून शिकविले. या परीक्षेमागील युक्तिवाद सुबोध होता. मासा रंगांध असेल तर करड्या रंगाची कोणती तरी छटा त्याला शिकविलेल्या रंगासारखीच भासेल व तो फसेल. मासे फसले नाहीत. हेसने आपले मत सोडले नाही. परंतु काळाने कौल फ्रिशच्या बाजूने दिला. याच फ्रिशला पुढे 1973 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

तथापि, मासा रंग पाहतो म्हणून आपण पाहतो तोच रंग तो पाहतो, असे मात्र नव्हे. पाणी तांबडा प्रकाश प्रथम गिळते. स्वच्छ समुद्रात दहा मीटर खाली त्याचा अगदी अल्प अंश उरतो, आणि दुकानात लालबुंद दिसणारे आमिष तेथे काळपट होते. निळा प्रकाश मात्र खोलवर जातो. म्हणून खोल पाण्यात रंगापेक्षा नक्षीचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या उठावाचे, महत्त्व अधिक. फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने 1936 साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला व त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली. त्याचे सारे लक्ष होते ते चंदेरी चमकेवर व जखमी माशासारख्या लटपटत्या चालीवर. मोठा मासा कळपातील दुबळ्यालाच गाठतो, हे त्याने स्वतः पाहिले होते.

अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी नाना रंगांची आमिषे बनतात. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी 2019 साली त्याच्या दृष्टीची परीक्षा प्रसिद्ध केली. या माशाला तांबडा व हिरवा हे रंग उत्तम ओळखता येतात. परंतु झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याचा घोटाळा होतो, तसाच निळ्यात व काळ्यातही. दुकानदार अर्थातच हे चारही रंग निरनिराळे म्हणून विकतात.