अस्सल कागदांसाठी एक आयुष्य : इतिहासाचार्य राजवाडे

१/ एकोणिसाव्या शतकात मराठ्यांचा इतिहास मुख्यतः बखरी आणि ग्रँट डफचा ग्रंथ यांच्या आधारे सांगितला जाई. प्रत्यक्ष घटनेच्या वेळी लिहिलेली पत्रे मात्र जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडी पडत होती.

२/ ती वाचवण्याचे व्रत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी घेतले. तरुणपणीच पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव हिंडावे, हाताने रांधून खावे, दप्तराच्या मालकाची मनधरणी करावी आणि तरीही पुष्कळदा रिकाम्या हाताने परतावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

३/ १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पानिपतच्या मोहिमेतील माणसे मोहीम चालू असतानाच काय लिहीत होती, हे त्यातून वाचकांपुढे आले. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले.

४/ इंग्रजीत लिहिल्यास कीर्ती दूरवर गेली असती. राजवाड्यांनी मराठीचाच आग्रह धरला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात ते अग्रणी होते. पुढे मतभेद झाले, पुणे सुटले, काम सुटले नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले.

५/ त्यांचे काही निष्कर्ष नंतरच्या अभ्यासकांनी खोडून काढले. पण ते खोडण्यासाठी लागणारी कितीतरी पत्रेही राजवाड्यांनीच छापून ठेवली होती.