खर्जाची जवारी

मिरजेच्या सतारमेकरांची कथा तलवारीपासून सुरू होते. फरीदसाहेब हे शिकलगार. शस्त्रांना धार लावणं हा त्यांच्या घराण्याचा धंदा. इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानी फौजा आटल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोइनुद्दीन वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्यं घडवू लागले. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे शिकवत, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापाशी तिथेच शिकले. गवई आले तसे तंबोरे लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या भीमाकाठचे भोपळे मिरजेत येऊ लागले आणि काही पिढ्यांत ‘सतारमेकर’ हे आडनाव होऊन बसलं.

या धंद्यातलं सगळ्यांत नाजूक काम सुतारकामाचं नाही, कोरीवकामाचंही नाही. ते आहे जवारीचं.

तंबोऱ्याच्या चार तारांतली शेवटची तार खर्जाची. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्यात ती सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते. एवढा खालचा सूर मुळात कानाला अवघड. माणसाचा कान मधल्या पट्टीतल्या आवाजांना तीक्ष्ण असतो, तळाच्या सुरांना मंद. तार नुसती छेडली तर एक बोथट घुमारा निघतो आणि बैठकीच्या मागच्या रांगेपर्यंत पोचता पोचता विरून जातो. मिरजेच्या कारागिरांनी यावर जो उपाय हाताशी ठेवला तो घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, पाठीवर असतो. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर टेकता टेकता थरथरते. तिच्याखाली रेशमाचा किंवा सुताचा दोरा सरकवायचा, केसभर पुढे-मागे करायचा, आणि एका नेमक्या जागी तार ‘बोलू’ लागते. हीच जवारी. खर्जाच्या पोटातून त्याचे उपस्वर, म्हणजे वरचा षड्ज, पंचम आणि पाठोपाठ स्वयंभू गंधार उमटतात. कारागीर कानसेने घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. कुणाला झणझणीत, खुली जवारी हवी असते, कुणाला दबलेली, बंद. गळा पाहून ती ठरते.

भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराची कंपनं शून्य असतात तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा युरोपातला नियम होता. रामन यांनी तंबोऱ्यावर पाहिलं, तर तो उपस्वर ठणठणीत ऐकू येत होता. कारण घोडीचा तो उतार. तारेची ऊर्जा तो तळाच्या सुरातून उचलून वरच्या सुरांत वाटतो. म्हणजे खर्जाचा जोर न वाढवताही खर्ज लांबवर पोचतो.

नेमकं हेच काम पुढे काचेच्या एका नळीने, म्हणजे व्हॉल्व्हने केलं.

१९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी व्हॉल्व्हमध्ये तारेची एक जाळी बसवली. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत एक टोक तापवलं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धन प्लेटकडे धावतात. मधल्या जाळीवर गाण्याचा क्षीण विद्युत-संदेश दिला की तो हा प्रवाह कमी-जास्त करतो आणि प्लेटवर तोच संदेश मोठा होऊन निघतो. व्हॉल्व्ह हे काम तंतोतंत सरळ रेषेत करत नाही. लाटेचा एक माथा तो दुसऱ्यापेक्षा थोडा अधिक दाबतो, आणि या असमान दाबण्यातून मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, जन्माला येतो. गेन, म्हणजे संदेश मोठा करण्याचं प्रमाण, वाढवला की तिप्पट, चौपट उपस्वरही मिसळू लागतात. ट्रान्झिस्टर मर्यादेबाहेर गेला की लाटेचे माथे कडक कापतो. व्हॉल्व्ह ते हळूहळू गोल करतो.

मिरज आणि व्हॉल्व्ह यांची गाठ पडली ती उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या आवाजात. खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारल्यावर मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले, आणि तिथे त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीतसभा भरते. तंबोऱ्याच्या जवारीवर त्यांचा स्वतःचा हात चालत असे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढलं. त्या श्रुतींच्या अभ्यासात खाँसाहेबांचा कान होता. त्यांच्या सुरुवातीच्या, १९०५च्या सुमाराच्या तबकड्या कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या. सुई थेट आवाजाच्या धक्क्याने हलायची. तळाचे सूर त्यात जवळजवळ हरवतात. १९३०च्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या तबकड्या मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह-अँप्लिफायर यांच्या साहाय्याने कोरलेल्या. त्या ऐकताना गळ्याच्या मागे तंबोऱ्याची गूंज उभी राहिलेली जाणवते.

पुढे हे रेडिओ आणि अँप्लिफायर ज्या विजेवर चालले, तिचा माग काढायचा तर मिरजेहून कृष्णेच्या उलट दिशेने कराड गाठायचं, आणि तिथून कोयनेच्या काठाने वर जायचं की पाटण येतं. केरा आणि कोयना यांच्या संगमावरचं तालुक्याचं गाव. महाबळेश्वरहून दक्षिणेला येणारी कोयना हेळवाकजवळ पूर्वेला वळते. त्या वळणाआधी १९५०च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं. पाणी अडवून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणातल्या पोफळीकडे सोडायचं आणि त्या उतारावर वीज करायची अशी ही योजना. १९६२ मध्ये पोफळीची यंत्रं फिरू लागली. पाटण आणि जावळी तालुक्यांतली गावं शिवसागर जलाशयाखाली गेली, माणसं आपली घरं-शेतं सोडून दूर वसली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, शेकडो संसार मातीत गेले, आणि त्याच धक्क्याने मुंबईच्या कारखान्यांची वीजही तुटली. महाराष्ट्राचे कारखाने, रेडिओ आणि ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ कुणाच्या जमिनीच्या मोलावर चालले होते, हे त्या दिवशी दिसलं.

वीज येण्याआधी डोंगरातल्या गावांत रेडिओ वाजायचा तो बॅटरीवर. व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्ट आणि प्लेटला नव्वद व्होल्ट देणारे जड बॅटरी-संच त्यासाठी मिळत. १९६१ मध्ये बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवायला घेतले, १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं. जत्रेतला तमाशा, गणपतीपुढचं भाषण, लग्नाची वरात या सगळ्यांना कर्णे आणि व्हॉल्व्हचा अँप्लिफायर लागत असे. तो लावणारा माणूस आधी सेट तापू द्यायचा, नळ्यांत लालसर उजेड दिसला की मगच माइक चालू करायचा.

याच सुमारास तिकडे अमेरिकेत खर्जाचं एक नवं वाद्य मूळ धरत होतं. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस ही विजेवर चालणारी, पडदे असलेली बेस गिटार बाजारात आणली. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ कंपनं करते, मिरजेच्या पुरुषी तंबोऱ्यातल्या खर्जापेक्षाही खाली. ती ऐकवायची कशी, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९५२ मध्ये फेंडरने तिच्यासाठी ‘बेसमन’ हा व्हॉल्व्हचा अँप काढला. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा ‘एसव्हीटी’ आला: ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, आणि स्पीकर सोडून नुसत्या हेडचंच वजन चाळीस किलोच्या आसपास. मोठ्या मैदानांवरच्या रॉक संगीताला त्याने तळ दिला. त्या अँपच्या आवाजातली जी ऊब बेसवादक आजही शोधतात, ती त्या व्हॉल्व्हनी मिसळलेल्या उपस्वरांची.

मुंबईत हे वाद्य चित्रपटांच्या वादकवृंदांतून रुजलं. उभ्या डबल बेसची जागा हळूहळू बेस गिटारने घेतली. गोव्याच्या वादकांचा त्यात मोठा वाटा. राहुल देव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार वाजली, आणि सातारा-सांगलीच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलांतल्या रेडिओवरही तिचे ठोके ऐकू येऊ लागले. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांना मग बेसवादक हवाच झाला. दुसरे बेसवादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची सिंथेसायझरवरची तबकडी केली. तिच्यात बेससाठी रोलंडचं टीबी-३०३ हे यंत्र आहे, जे मुळात बेसवादकाची जागा भरण्यासाठी बनवलं गेलं होतं.  

व्हॉल्व्ह मात्र मागे पडले. ट्रान्झिस्टर स्वस्त, हलका, न तापणारा. दोन हजारच्या दशकात तर दोन-तीन किलोंचे, पण शेकडो वॅटचे क्लास-डी अँप आले. ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत आता चाळीस किलोंची पेटी चढवायची गरज उरली नाही. पण या हलक्या अँपमधून बेस स्वच्छ येतो आणि बोथटही येतो. म्हणून ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्ह) प्रीअँप पेडल आलं. पायाशी ठेवायची छोटी पेटी, आत एक व्हॉल्व्ह, बहुतेकदा १९४०च्या दशकात निघालेला १२एएक्स७, ज्याला युरोपात ईसीसी८३ म्हणतात. गिटार या पेटीत जाते, तिथे तिला उपस्वर मिळतात, आणि मग ती हलक्या अँपकडे किंवा थेट मिक्सरकडे जाते. जड भाग घरी राहतो, आवाज सोबत येतो.

पेडल घेताना वादकाने एक गोष्ट पाहायला हवी. १२एएक्स७ ला नीट काम करायला प्लेटवर दोनशे-अडीचशे व्होल्ट लागतात. स्वस्त पेडलमध्ये तो अनेकदा नऊ किंवा बारा व्होल्टवरच ठेवलेला असतो. तेव्हा नळी दिव्यासारखी उजळते, पण आवाज फार लवकर तुटतो आणि खर्ज पातळ होतो. चांगल्या पेडलमध्ये आतच व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं. गेन किती ठेवायचा ते हॉलवर ठरतं. उपस्वर पुरेसे असतील तर ४१ कंपनांचा सूर छोट्या स्पीकरमधूनही ऐकू येतो. स्पीकर तो सूर देतच नाही, पण ८२, १२३, १६४ या कंपनांवरून कान तो स्वतः भरून काढतो. मोबाइलवर गाणं ऐकणाऱ्याला बेस जाणवतो तो याच मार्गाने. दर्ग्याच्या मैफलीत मागे बसलेल्या माणसाला तंबोऱ्याचा खर्ज पोचतो तोही याच मार्गाने.

आता दोन्ही धंद्यांचे हात कमी होत चालले आहेत. व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने जगात मोजके राहिले: रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात चाद्सा, आणि चीन. २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवल्याच्या बातमीनंतर जगभरच्या वादकांनी ट्यूब साठवायला सुरुवात केली होती. जपानच्या कोर्ग कंपनीने चमकत्या आकड्यांचे डिस्प्ले बनवणाऱ्या तंत्रातून कमी व्होल्टवर चालणारी ‘न्यूट्यूब’ काढली. तंबोऱ्याच्या बाजूला बंगळुरूच्या जी. राज नारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ पासून आहे, आणि आता तो फोनमध्येही मिळतो. घोडी आता अनेकदा कृत्रिम पदार्थाची असते, कारण हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरता येत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. ते वाद्याला मिळालं. जवारी लावणाऱ्या कानाला शिकाऊ मिळणं अजून बाकी आहे, आणि ते मिळवायचे तर शोध मिरजेपुरता ठेवून भागणार नाही. कराड-सांगलीत ध्वनियंत्रणा लावणारी, गिटार दुरुस्त करणारी, पेडल उघडून व्हॉल्व्ह बदलणारी तरुण मुलं आहेत. उपस्वर कुठून येतात हे त्यांना आधीच कानाने कळतं. त्यातल्या एखाद्याला सतारमेकरांच्या कामाच्या जागेवर सहा महिने बसवलं, घोडी आणि कानस हाती दिली, तर त्याला पहिल्यापासून शिकवावं लागणार नाही. संगीत विद्यालयं, वाद्य-समूह आणि मानांकनाच्या योजना राबवणारी कार्यालयं यांनी हा एक अभ्यासक्रम सुरू केला पाहिजे, आणि तो पाटणसारख्या तालुक्याच्या गावांतल्या मुलांसाठीही खुला ठेवला पाहिजे.